सिनेमाचा दुसरा भाग आणि मागील शिल्लक



गेले दोन लेख चातुर्मासातल्या स्वयंपाकावर झाले. आज विषय सिनेमाचा आहे, त्यातही सिनेमाच्या दुसऱ्या भागाचा. हल्ली एखादा सिनेमा चालला की नावापुढे 2 लावून पुढचा येतो, तोही चालला की 3 येतो. आमच्या मरोळच्या घरात यावर तावातावाने बोलणं होतं. मुलगा म्हणतो, पहिला तो पहिलाच. नातवाला जो नवा तोच चांगला. सूनबाई दोघांनाही वेड्यात काढते. माझं मत या तिघांपेक्षा वेगळं आहे आणि ते मला बी.कॉम.च्या अभ्यासातून मिळालेलं आहे. पदवीचा उपयोग संसारात काय झाला, असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर.

माझं म्हणणं असं. दुसरा भाग पहिल्याइतका हसवतो का, पहिल्याइतकी गाणी आहेत का, हे नंतर बघावं. आधी एवढंच बघावं, की त्याने मागील शिल्लक पुढे ओढली आहे का?

ज्यांच्या माहेरी दुकान होतं त्यांना हे लगेच कळेल. माझ्या वडिलांचं सांगलीला अडत दुकान होतं. दिवाळीला महावीर भगवानांच्या निर्वाणाचा लाडू झाला, वीर निर्वाण संवत बदलला, की नव्या वह्या यायच्या. वहीपूजन व्हायचं. कोऱ्या पानाचा वास मला अजून आवडतो. पण त्या कोऱ्या पानावर पहिली ओळ कोणती लिहायची? मागील शिल्लक. कोणाचं देणं राहिलंय, कोणाकडून येणं आहे, ते सगळं जुन्या वहीतून नव्या वहीत यायचं. वही नवी, पण दुकान तेच आणि माणसंही तीच. देणं नको म्हणून जुनी वही नदीत सोडून चालत नाही.

आता सिनेमाकडे येते.

आमच्या लहानपणी सिनेमाला भाग नसायचे. पडद्यावर समाप्त अशी पाटी आली की गोष्ट संपली. पुढे नायिकेला सासू कशी मिळाली, याची काळजी आपण घरी जाऊन करायची. अगदीच नव्हते असं मात्र नाही. आमच्या आईच्या पिढीने नादियाचा ‘हंटरवाली’ ऐकलेला होता. तो आला 1935 साली आणि त्यानंतर 1943 मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ आला. म्हणजे आपल्याकडचा एक अगदी सुरुवातीचा पुढचा भाग हा मुलीच्या नावाने आला होता. पण ती तुरळक गोष्ट. लग्न होऊन मी मरोळला आले तेव्हाही अंधेरी-कुर्ला रस्त्यावर लागणारे सिनेमे एकेकटेच असायचे.

भागांची सवय आम्हाला मुलांनी लावली. त्याची सुरुवात आमच्या घरात ‘झपाटलेला’ने झाली. महेश कोठारे यांचा हा सिनेमा 1993 चा. मुलं लहान होती. व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून सुट्टीत तो इतक्या वेळा पाहिला, की तात्या विंचू हा आमच्याकडे घरातल्या माणसासारखा झाला. कोणी ताटात भाजी टाकली की त्याचं नाव घ्यायचं. रामदास पाध्ये यांची ती बाहुली, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा घाबरलेला चेहरा. मुलं उशीत तोंड खुपसून बघायची आणि पुन्हा लाव म्हणायची.

‘झपाटलेला 2’ आला 2013 मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, थ्री डी चष्मा लावून बघायचा. मुलं तोवर नोकरीला लागली होती, तरी लहान झाल्यासारखी धावली. तात्या विंचू परत आला, आवाज तोच. पण लक्ष्मीकांत बेर्डे 2004 च्या डिसेंबरमध्येच गेले होते. आता हे नुकसान वहीत कसं दाखवायचं? कोठारे यांनी लक्ष्याचा मुलगा आणला, ती भूमिका आदिनाथ कोठारेने केली. बापाचं तात्या विंचूशी असलेलं वैर मुलाच्या वाट्याला आलं. सिनेमा म्हणून पहिल्याची सर त्याला आली नाही, हे मुलाचं म्हणणं मला मान्य आहे. पण हिशेब म्हणून बघाल तर तो प्रामाणिक होता. माणूस गेला, त्याची जागा रिकामी दिसली, आणि त्याचं येणं-देणं मुलाच्या नावावर आलं. लक्ष्या कधी नव्हताच, असं कोणी दाखवलं नाही.

याच्या उलट उदाहरण ‘अगं बाई अरेच्चा!’चं. केदार शिंदे यांचा 2004 चा पहिला भाग तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. बायकांच्या मनातलं ऐकू येऊ लागलेला तो नवरा, संजय नार्वेकर. आपण मनात काय काय म्हणतो ते पडद्यावर ऐकून आम्ही चार जणी इतक्या हसलो होतो, की पुढच्या रांगेतले वळून बघत होते. मग 2015 मध्ये ‘अगं बाई अरेच्चा 2’ आला. दिग्दर्शक तेच, पण गोष्ट पूर्ण वेगळी. सोनाली कुलकर्णीची नायिका, तिच्या प्रेमाच्या अडचणी, आणि पहिल्या भागातलं कोणीच नाही. गोष्ट स्वतंत्रपणे बघितली तर वाईट नव्हती. पण वही दुसऱ्याच दुकानाची आणि पाटी मात्र जुनी. वाणिज्य शाखेत याला गुडविल म्हणतात. चालू दुकान विकताना मालाची किंमत वेगळी आणि नावलौकिकाची वेगळी लावतात. नुसत्या नावाचेही पैसे मिळतात, त्यात बेकायदा काही नाही. फक्त गिऱ्हाईक जुन्या ओळखीने आत येतं आणि गल्ल्यावर अनोळखी माणूस बसलेला बघून थोडं हिरमुसतं.

‘टाइमपास’ची गंमत तिसरीच. रवी जाधव यांचा पहिला भाग 2014 चा. दगडू आणि प्राजक्ता, कोवळं वय, वडिलांचा धाक आणि ताटातूट. दुसरा भाग 2015 मध्ये आला आणि त्यात ती दोघं मोठी झालेली, कलाकारही वेगळे, प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट. मग 2022 मध्ये तिसरा आला, तो या दोन भागांच्या मधल्या काळातला! पुन्हा प्रथमेश परबचा दगडू, कॉलेजात गेलेला आणि समोर हृता दुर्गुळेची पालवी. नातू गोंधळला, म्हणाला आजी, तीन नंबर दोनच्या आधी कसा? मी म्हटलं, बाळा, दोन पानांच्या मध्ये राहिलेली नोंद नंतर केली आहे. अशी नोंद करायला हरकत नसते. पण तिच्यामुळे पुढच्या पानावरची बेरीज बदलायला नको का? दगडूच्या आयुष्यात पालवी इतकी मोठी येऊन गेली, तर दुसऱ्या भागात तिची एकही खूण कशी नाही? अर्थात दुसरा भाग आधीच काढून झालेला, तिथे खूण ठेवणार कशी. म्हणून तिसरा बघताना हसू येत होतं आणि मनात पालवीबद्दल वाईटही वाटत होतं. बिचारी अशा पानावर आली, जिची बेरीज आधीच होऊन गेली होती.

माझ्या मते मराठीत हा हिशेब सगळ्यांत नीट ठेवला तो ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने. सतीश राजवाडे दिग्दर्शक, स्वप्निल जोशी आणि मुक्ता बर्वे. पहिला भाग 2010 चा. मुंबईची मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्याला येते आणि एका दिवसात पुण्याचाच एक मुलगा तिला भेटतो. जवळजवळ सगळा सिनेमा दोघांच्या बोलण्यावर उभा आहे. नावंसुद्धा कळत नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं, आमच्या वेळी असा एक अख्खा दिवस बोलायला मिळाला असता तर? आमच्या कांदेपोह्यांत, म्हणजे आमच्याकडे कांदा नसलेल्या पोह्यांत, बोलणं वडीलधाऱ्यांचं आणि आपण ट्रे धरून उभ्या.

दुसरा भाग 2015 च्या दिवाळीत आला. आता त्यांना नावं मिळाली, गौतम आणि गौरी. दोन्ही घरची माणसं आली, लग्नाची तयारी सुरू झाली. आणि गौरीच्या मनात शंका आली. तिचं आधीचं एक प्रेम होतं, ते परत समोर येऊन उभं राहिलं. इथे सिनेमाने मला जिंकलं. पहिल्या भागातली ही मुलगी स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी, तोंडावर नाही म्हणायला गावाहून गावाला जाणारी. लग्न ठरलं म्हणून तिची बुद्धी काढून घेतली असं झालं नाही. तिला पुन्हा विचार करायचा हक्क दिला. आमच्या काही मैत्रिणींना ती तेव्हा आवडली नव्हती. ठरल्यावर कसली शंका, असं त्या म्हणत होत्या. पण तीच गौरी होती ना? पहिल्या भागात जिच्या विचार करण्यावर आपण खूश झालो, तिने दुसऱ्या भागात विचार केला तर आपण नाराज का व्हावं?

तिसरा भाग 2018 च्या डिसेंबरात आला. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आमच्या चौविहारवाल्या मंडळाने दुपारी बाराचा खेळ गाठला. यात गौरीला अनपेक्षितपणे दिवस जातात आणि दोघंही तयार नसतात. घरची माणसं आनंदाने वेडी झालेली आणि ही दोघं गोंधळलेली. पूर्वीच्या सिनेमात चक्कर आली, उलटी झाली, की लगेच पाळण्याचं गाणं. इथे आई होण्याआधी ती गौरीच राहिली. विनोद थोडा पातळ झाला होता, लांबीही जास्त वाटली, हे खरं. तरी तीन भागांत तिची मागील शिल्लक कोणी बुडवली नाही.

याच कसोटीला ‘नवरा माझा नवसाचा’ही उतरतो. सचिन पिळगावकर यांचा पहिला भाग 2004 चा. त्या सिनेमाचा पायाच मुळी एका राहून गेलेल्या देण्यावर. जुना नवस फेडायला निघालेलं जोडपं, एसटीची गाडी, गणपतीपुळ्याचा रस्ता आणि कंडक्टर अशोक सराफ. वीस वर्षांनी, 2024 च्या सप्टेंबरात दुसरा भाग आला. आता एसटीच्या जागी कोकण रेल्वे आणि अशोक सराफ तिकीट तपासनीस. सचिन-सुप्रिया सासू-सासऱ्यांच्या वयात आलेले आणि पुढच्या पिढीचं जोडपं सोबत. आपल्याकडे नवस बोलण्याची पद्धत नाही, पण बोललेलं देणं फेडलं पाहिजे हे कळायला धर्म आड येत नाही. शिवाय या भागात वय लपवलं नाही, हे मला फार आवडलं. आमच्याबरोबर तीही म्हातारी झाली.

आता तुम्ही म्हणाल, मग ‘मुन्नाभाई’चं काय? ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ 2003 चा, ‘लगे रहो मुन्नाभाई’ 2006 चा. दुसरा भाग गांधीजींवरचा, आणि सत्य-अहिंसा हा तर आपल्या घरचा विषय. अनेकांना तो पहिल्यापेक्षा आवडला, मलाही आवडला. पण पहिल्या भागाच्या शेवटी मुन्नाचं डॉक्टर सुमनशी लग्न झालेलं. दुसऱ्यात तो अविवाहित, रेडिओवरच्या जान्हवीच्या आवाजावर भाळलेला. सुमन कुठे गेली? कोणी विचारत नाही. मुन्ना तोच, सर्किट तोच, आणि बाई मात्र बदलली. माझ्या कसोटीला हा सिनेमा उतरत नाही आणि तरीही चांगला आहे, हे मी मान्य करते. त्याने जाहीरपणे नवी वही उघडली होती. तरी त्या रात्री घरी आल्यावर माझ्या मनात गांधीजींच्या आधी सुमनचा विचार आला, हेही खरं. दोन भागांमध्ये जे हरवतं ते बहुतेक वेळा बायकोच्या बाजूचंच का असतं?

हिंदीत शिल्लक ओढण्याचं मोठं उदाहरण ‘दृश्यम’. मूळ मल्याळम, 2013 आणि 2021 चे. हिंदीतला पहिला भाग निशिकांत कामत यांनी 2015 मध्ये केला, दुसरा 2022 मध्ये आला. गोव्यातलं साळगावकर कुटुंब. पहिल्या भागाच्या शेवटी आपण सगळ्या टाळ्या वाजवून उठलो, कुटुंब वाचलं म्हणून. दुसरा भाग सांगतो, की ते वाचलं म्हणजे काय झालं ते बघा. मुलगी अजून दचकते. आई शेजारणीजवळ मन मोकळं करते, आणि ती शेजारीण पोलिसांनी पाठवलेली निघते. इतकी वर्षं तोंड शिवून राहिलेली बाई एका मैत्रिणीपुढे बोलली आणि तिथेच धागा सुटला. दडवलेलं कर्म संपत नाही, उदयाची वाट बघत बसतं, हे स्वाध्यायात आपण कितीदा ऐकलं असेल. मला ते त्या स्वयंपाकघरात बसलेल्या बाईकडे बघून जास्त कळलं.

आणि ज्यांना संधी मिळेल त्यांनी सत्यजित राय यांचे अपूचे तीन सिनेमे जरूर बघावेत. ‘पथेर पांचाली’ 1955, ‘अपराजितो’ 1956, ‘अपूर संसार’ 1959. बंगालीत आहेत, पण भाषेवाचून फार अडत नाही. पहिल्या भागात अपूची बहीण दुर्गा जाते. दुसऱ्यात वडील जातात, आणि मग अपू शिकायला कोलकात्याला निघतो. आई गावात एकटी. कोणी फक्त दुसरा भाग बघितला तर त्याला ती मुलाला अडवू पाहणारी एक गरीब आई दिसेल. पहिला बघितलेल्याला माहीत असतं, की या बाईने एक मूल आधीच गमावलं आहे, नवराही गेला, आता हा एकच उरलाय. ती काही बोलत नाही, आपल्यालाच सगळं आठवत राहतं. मागील शिल्लक म्हणतात ती ही.

खरं तर हे आपल्याला सिनेमाने शिकवायची गरज नव्हती. आपल्या पुराणांत एकेका महापुरुषाची गोष्ट कित्येक भवांतून चालते. पार्श्वनाथ भगवानांचे दहा भव लहानपणी मंदिरात ऐकले नाहीत अशी आपल्यात कोण असेल? मरुभूती आणि कमठ हे दोघे भाऊ. कमठ दगड घालून मरुभूतीचा जीव घेतो. पुढच्या भवात एक हत्ती, दुसरा साप. रूप बदलतं, गाव बदलतं, नावं बदलतात, आणि तरी ऐकणाऱ्या पोरालाही कळतं की हा तोच. कसा कळतो? कमठाचा राग पुढे आलेला असतो आणि मरुभूतीची क्षमा वाढत वाढत आलेली असते. दोघांच्याही खात्यात मागचं सगळं ओढलेलं आहे. शेवटी पार्श्वनाथांवर उपसर्ग होतो तेव्हा तो पाऊस अचानक कुठून आला, असं आपण विचारत नाही.

एवढं लांबण लावायचं कारण सांगते. माझ्या एका भाचीला विचारून हे लिहिते आहे, नाव-गाव देत नाही. तिचा नवरा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. पदरात एक मुलगा, आता शाळेत जाणारा. ती नोकरी करते, कोणावर भार नाही. आता एक चांगलं स्थळ आलं आहे, तोही विधुर आहे. दोघं दोन-तीनदा भेटली, एकमेकांना पसंत आहेत. अडलंय ते मोठ्या माणसांत. काहींचं म्हणणं, नवीन सुरुवात करायची तर स्वच्छ करा. भिंतीवरचा फोटो काढा, मुलाचं आडनाव बदला, त्या आजी-आजोबांकडे जाणं-येणं हळूहळू कमी करा. पोर लहान आहे, विसरेल. बोलणारी माणसं दुष्ट नाहीत, तिच्या भल्यासाठीच बोलतात. पुढच्या महिन्यात बैठक आहे आणि मलाही बोलावलं आहे. तिथे मी जे बोलणार, ते इथे आधीच लिहून ठेवते.

पोर विसरणार नाही. आणि विसरावं असं आपण त्याच्याकडून मागू नये. त्याच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतोय, चांगला होऊ दे. नवे वडील मिळू देत, त्यांनी त्याला सायकल शिकवू दे, शाळेच्या सभेला जाऊ दे. पण पहिल्या पानावर मागील शिल्लक लिहिलेली असू दे, की त्याला आधी एक बाबा होते, ते चांगले होते, ते गेले. त्या आजी-आजोबांनी एकुलता मुलगा गमावला आहे, आपण त्यांचा नातूही काढून घ्यायचा का? अहिंसेत फक्त पाणी गाळून पिणं येतं का? त्या म्हाताऱ्या जोडप्याच्या मनाला किती लागेल याचा विचारही तिच्यातच येतो.

होणाऱ्या नवऱ्याच्या घरातही एक फोटो आहे. तिच्यासाठी तोही उतरवायला नको. दोन्ही फोटो एका घरात राहू शकतात. मी अशी घरं पाहिली आहेत आणि ती घरं मोडली नाहीत. जिथे सगळं पुसून नवं केलं, तिथे मात्र एखाद्या सणाला, एखाद्या पदार्थाच्या चवीवरून, नको त्या वेळी जुनं वर आलेलं पाहिलं आहे. लिहिलेली शिल्लक माणूस फेडत जातो. न लिहिलेली कधी दारात उभी राहील, सांगता येत नाही.

यावर एक प्रश्न कोणी विचारेल आणि तो रास्त आहे. मागचं सगळं ओढत बसायचं तर माणसाने पुढे जायचं कसं? सासूने तीस वर्षांपूर्वी काय म्हटलं तेही ओढायचं का? क्षमावाणीला आपण हात जोडून उत्तम क्षमा म्हणतो, त्याचं काय? मैत्रिणींनो, क्षमा म्हणजे पान फाडणं असं मला वाटत नाही. वसूल न होणारी रक्कम वडील सोडून द्यायचे तेव्हाही तशी नोंद करायचे. अमुक माणसाचं एवढं येणं होतं, ते सोडलं. खातं मिटलं, पण पान जागेवर राहिलं. पान फाडणाऱ्या व्यापाऱ्यावर बाजार विश्वास ठेवत नाही. सोडून दिलेलं लिहून ठेवणाऱ्यावर ठेवतो. सासूचं बोलणं सोडून द्या, जरूर द्या. भाचीच्या पहिल्या नवऱ्याच्या खात्यात मात्र सोडून देण्यासारखं वाईट काहीच नाही. तिथे नुसतं प्रेम जमा आहे. ते पुढे ओढायला कोणाची हरकत असावी?

आपल्या सगळ्यांच्याच आयुष्याचे भाग झालेले आहेत. माहेरचा एक, सासरचा दुसरा, आता सून आल्यावर तिसरा. सासरी आल्यावर आपलं नाव बदलणारे, शिक्षण विसरायला लावणारे, आपल्या वहीचं पहिलं पान कोरं समजणारे लोक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. आमच्या सूनबाईने मागे मला सहज विचारलं, आई, तुमचा कॉलेजातला आवडता विषय कोणता होता? लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात हे मला कोणी पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, अकाउंट्स. तेव्हापासून घरखर्चाचा हिशेब आम्ही दोघी मिळून करतो आणि तिच्या म्युच्युअल फंडाच्या कागदांवर माझीही नजर असते.

तेव्हा यापुढे कुठल्याही सिनेमाचा 2 किंवा 3 बघायला जाल तेव्हा गाणी, विनोद, कपडे सगळं बघा. पण घरी येताना मेट्रोत बसल्यावर एवढं एकमेकींना विचारा. पहिल्या भागातली माणसं तीच होती का? त्यांच्यावर जे गुदरलं ते त्यांना आठवत होतं का? आणि त्यातल्या बाईला पुढच्या भागात जागा मिळाली का, की तिचं पान कोणी गुपचूप फाडलं? घरात एखादं लग्न, वाटणी, नवी सून, दुसरं स्थळ असा काही नवा भाग सुरू होत असेल, तर तिथेही हेच विचारा.

बैठकीत काय होईल मला माहीत नाही. मोठ्यांपुढे मोठ्या आवाजात बोलायची मला सवय नाही. पण भाचीला शब्द दिला आहे, आणि दिलेला शब्द हेही एक देणंच असतं.

सर्वांना जय जिनेंद्र.